ऊस पक्व झाला का? ब्रिक्स मोजायला कोणते यंत्र घ्यावे



तोडणीच्या दिवसांत गट ऑफिसात एकच वाद ऐकू येतो : "माझा ऊस बारा महिन्यांचा झाला, अजून तोड का नाही?" पण नुसते महिने मोजून भागत नाही, रसात साखर किती भरली तेही बघावे लागते. कच्चा ऊस गव्हाणीत पडला की साखर उतारा घटतो, आणि एफआरपी कारखान्याच्या उताऱ्याशी बांधलेली आहे. एकाच्या घाईचा भुर्दंड सगळ्यांना बसतो.

१८ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात १८ ग्रॅम विरघळलेले घन पदार्थ. ती सगळी साखर नव्हे, पण शेतातल्या अंदाजाला हा आकडा पुरतो. तो मोजायला दोन यंत्रे आहेत.

हायड्रोमीटर : रसात तरंगणारी काचेची नळी. रस जितका गोड, तितकी ती वर राहते. स्वस्त आहे, पण उभे भांडे भरेल इतका रस काढा, फेस बसेपर्यंत थांबा, आणि हातातून सुटली की संपली!

हँड रिफ्रॅक्टोमीटर : याला दोन-तीन थेंब रस पुरतो. ऊस न तोडता दाभणासारख्या सुईने कांडे टोचून रस घेता येतो. किंमत जास्त, पण शेतकऱ्याने हेच घ्यावे. घेताना ० ते ३२ ब्रिक्सचे व तापमानाचा फरक आपोआप भरून काढणारे बघा. द्राक्षबागेलाही तेच चालते.

मग हायड्रोमीटर टाकाऊ का? मुळीच नाही. बिअर किंवा वाइन करताना रस आंबला की अल्कोहोल तयार होते. ते रिफ्रॅक्टोमीटरला फसवते. तो साखर आहे त्याहून जास्त दाखवतो. तिथे हायड्रोमीटरच हवा.

मोजण्यापूर्वी डिस्टिल्ड वॉटरने काटा शून्यावर आणा. बांधाकडचे व लोळलेले ऊस सोडून आतले आठ-दहा ऊस टोचा. प्रत्येकाचा शेंड्याकडचा व बुडख्याकडचा ब्रिक्स घ्या. दर वेळी काच पुसा. शेंड्याच्या आकड्याला बुडख्याच्या आकड्याने भागा. उत्तर १ च्या जवळ आले की ऊस पक्व. बरेच कमी आले तर थांबा.

प्रत्येकाने यंत्र घेण्याची गरज नाही. पाच-दहा जणांत एक घ्या, आकडे वहीत लिहा आणि चिटबॉयला दाखवा. भांडणापेक्षा आकडा बरा!