शिकण्याचं विज्ञान (भाग ७) : पाऊणकीची भरती

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात जुन्याजाणत्या माणसाला विचारा, आज भरती किती वाजता? तो आधी तिथी आठवेल, मग तिची पाऊणपट करेल. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन. पूर्ण भरतीची ही ढोबळ वेळ. त्याचा नातू षष्ठीची भरती साडेचारची म्हणून बेधडक सांगतो आणि शाळेत फळ्यावर ६ × ३/४ दिसलं की पेन्सिल चावत बसतो.

असं का होतं, यावरचा एक गाजलेला अभ्यास ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला, १९८५ साली प्रसिद्ध झालेला. तेरेझिन्हा कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन हे तिघे बाजारात गिऱ्हाईक म्हणून गेले. विक्रेती होती नऊ ते पंधरा वर्षांची पाच मुलं. ३५ क्रुझेरोला एक नारळ, तर चार नारळांचे किती? एका मुलानं तीन नारळांचे १०५ धरले, त्यात ३० मिळवले, वर ५, म्हणजे १४०. चोख हिशेब. पुढे त्यालाच कागदावर ३५ × ४ घालून दिलं. चार पंचे वीस, हातचे दोन. ते दोन तिनात आधीच मिळवून पाच केले, पाच चोक वीस, उत्तर २००! बाजारातली सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर होती. नुसत्या आकड्यांची गणितं मांडली तेव्हा जेमतेम ३७. तीच गोष्टीच्या रूपात घातली तेव्हा ७४.

चार नारळांचे दोनशे मागितले असते तर गिऱ्हाइकानं तिथेच भांडण काढलं असतं. कागद भांडत नाही. मला तरी सगळी गोम इथेच दिसते.

आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं (स्थापना १९७४) धारावीत याच अंगानं काम केलं. घरगुती कारखान्यांत हातभार लावणाऱ्या मुलांना मोजमापाचं आणि पैशांचं बरंच ज्ञान असतं, पण ते वर्गातल्या गणिताला जोडलं जात नाही, असं तिथल्या संशोधकांना आढळलं.

मराठी शाळेत हा सांधा एके काळी होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे मुलं घोकत, कारण बाजारात पाऊण शेर आणि सव्वा रुपया रोज भेटत. त्या घोकंपट्टीचे गोडवे मी गाणार नाही. तिच्यापायी छड्याही खूप पडल्या. पण अपूर्णांक तेव्हा बोलीतला होता, एवढं खरं.

म्हणून किनाऱ्यावरच्या शाळेत अपूर्णांक भरतीपासून सुरू करावा असं मला वाटतं. त्यात गणिताबरोबर विज्ञानही आहे. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत तिथ्या तीस, म्हणजे पंधरवड्याच्या पंधरा. पंधरवड्यात भरतीची वेळ बारा तास सरकते. बारा भागिले पंधरा, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊण तास झाला ४५ मिनिटांचा. तिथीमागे तीन मिनिटांची ही तूट कोळ्याला खपते, कारण चार पंचमांशाचा पाढा कुणी म्हणत नाही आणि पाऊणकी तोंडावर असते, असा माझा कयास.

शिक्षकांनी हे उत्तर मात्र आधी फोडू नये. मुलांना पौर्णिमेची वेळ काढायला सांगावी: पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, पाऊण वाजता. एरवी दिवसाला पाऊण तास सरकणारी भरती त्या एका दिवसात दीड तास कशी पुढे गेली? मग भाट्याच्या खाडीवर एक काठी रोवून पौर्णिमा आणि प्रतिपदा असे दोन दिवस पाण्याची खूण मोठ्यांच्या सोबतीनं प्रत्यक्ष पाहावी. काय दिसलं ते मुलांच्याच शब्दांत आम्हाला कळवा. पुढचा भाग त्यावरच आहे.