पिशवीतली वकिली

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. पण ज्याच्या नावावर चार गुंठे जमीन आहे, त्याला कधी ना कधी ती चढावीच लागते. रायगडच्या किनाऱ्यावर ती पायरी लांबही आहे. जिल्हा न्यायालय अलिबागला. दिघीच्या माणसाला जायचे तर मध्ये राजपुरीची खाडी. जेटीवरून बोटीत बसले की समोर आगरदांडा. बोट चुकली की म्हसळ्याकडून मोठा वळसा. एवढे करून "पुढची तारीख" हे दोन शब्द ऐकायचे आणि परत फिरायचे. लावणीच्या दिवसांत असा एक दिवस मोडला तर काय होते, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

मग वकीलच गावात आला तर? वकिलाने पाटी लावून, टेबल-खुर्ची मांडून बसलेच पाहिजे, असे कायद्यात कुठेही नाही. १९६१ चा अधिवक्ता कायदा सनद मागतो, ऑफिस मागत नाही. पक्षकाराने सही केलेले वकीलपत्र कोर्टात दाखल झाले की वकील त्याच्या वतीने उभा राहू शकतो. मग ते वकीलपत्र केबिनमध्ये लिहिलेले असो की घराच्या ओटीवर. पूर्वी नडत असे ते कायद्याच्या पुस्तकांचे आणि तारखांच्या डायरीचे ओझे. आता सातबारा मोबाईलवर दिसतो. दाव्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये घातला की पुढची तारीख कळते. हा क्रमांक मात्र प्रत्येक पक्षकाराने स्वतःजवळ लिहून ठेवावा. "वकीलसाहेबांना ठाऊक आहे" म्हणून स्वस्थ बसू नये.

या फिरत्या वकिलीला खरा बहर येतो तो गणपतीत. कारण उघड आहे. आपल्याकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एकेकाच्या नावावर क्वचितच असतात. सातबाऱ्यावर आजोबांच्या पश्चात लागलेली सात-आठ नावे. त्यांतला एक भाऊ मुंबईत लालबागला, दुसरा पनवेलला, बहिणी सासरी, पुतण्या आखातात. वाटपाचा कागद करायचा तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि सगळे एका छपराखाली येतात ते गणपतीच्या दीड किंवा पाच दिवसांत. त्या वेळी ओटीवर बसून ज्याने कागद वाचून दाखवला, प्रत्येकाचा हिस्सा बोटाने नकाशावर दाखवला, त्या वकिलाने पुढचा दहा वर्षांचा दावा वाचवला असे समजा. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप करून घेता येते. त्याला दिवाणी दाव्याची गरज नाही.

इथे बहिणींचा विषय निघतोच. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क आहे. आरतीनंतर प्रसादाच्या ताटाबरोबर "इथे सही कर गं ताई" म्हणून कागद पुढे करणारे भाऊ आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. हक्कसोड द्यायची की नाही, हे तिने ठरवावे. दिली तर ती नोंदणीकृतच हवी. चांगला वकील अशा वेळी त्या बहिणीला बाजूला घेऊन कागद समजावतो आणि तिला हवे तर दुसरा वकील बघायला सांगतो. कारण तो आलेला असतो भावाच्या बोलावण्यावरून. आखातातल्या पुतण्याचे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणावे, आणि ते भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा.

वकील घरी येण्याचा मोठा फायदा मुदतीचा. फेरफाराची नोटीस आली की हरकतीला पंधरा दिवस मिळतात. नोटीस चुलीमागच्या फळीवर पडून राहते, मुलगा सुट्टीत आला की बघू म्हणतात, आणि पंधरा दिवस निघून जातात. नोंद मंजूर झाली तर प्रांतांकडे अपील करायला साठ दिवस असतात. तेही गेले तर उशीर माफ करा म्हणून आधी वेगळा अर्ज.

ऑफिसाला एक गुण मात्र होता, त्याचे दार लागत असे. ओटीवर शेजारचे काका येऊन बसतात, आणि भाऊबंदकीची गोष्ट संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर पोचते. म्हणून बोलायचे ते माजघरात किंवा वाडीत. आणखी एक खूणगाठ बांधा. बोलावल्यावर येतो तो वकील. न बोलावता दारोदार "तुमची केस द्या" म्हणत फिरतो, तो बार कौन्सिलचा नियम मोडतो. जमिनीला भाव आला तशी किनाऱ्यावर अशी माणसे वाढली आहेत, आणि त्यांतल्या काहींजवळ सनदही नसते. सनद क्रमांक विचारण्यात अपमान नाही. मूळ खरेदीखत हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. कोऱ्या वकीलपत्रावर सही नको. फीची पावती घ्या.

पाण्यावरून कोर्टकज्जाला येणे या मुलखाला नवे नाही. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीने दासगावला उतरले आणि महाडला गेले. चवदार तळ्याचे पाणी घेण्याविरुद्ध महाडच्या कोर्टाने नुकताच तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. बॅरिस्टर असलेले बाबासाहेब त्या दाव्यात स्वतः प्रतिवादी होते. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे नवव्या वर्षानंतर. ज्यांचा दावा इतका चालतो, त्यांना वकिलाच्या आणि स्वतःच्या खेपा कशा परवडाव्यात?

यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आपल्या कातकरी वाड्या यात येतात. चक्रीवादळ, पूर अशा आपत्तीत सापडलेलेही येतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ज्यांच्या बागा झोपल्या, त्यांनी भरपाईच्या भांडणात हा हक्क लक्षात ठेवायला हवा होता. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून सही करण्याआधी तो दोनदा वाचून घ्यावा. अर्ज तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे करता येतो. खाडी ओलांडायची नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन लावावा, आणि फोन करताना नोटिशीचा कागद समोर धरून त्यावरची तारीख आधी सांगावी.