चार पुतळे आणि बाकीचे सोलापूर

सोलापुरात रिक्षावाल्याला 'चार पुतळा' एवढे सांगितले की पुरते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्या चौघांचे हे स्मारक. दर १२ जानेवारीला इथे हार वाहिले जातात. एरवी मोर्चेकरी जमतात. कन्नड, मारवाडी, मराठी आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली नावे इथे शेजारी-शेजारी आहेत, आणि आजच्या दिवसांत मला ती तशी दिसत राहणे फार मोलाचे वाटते.

पण पुतळे मोजदादही करतात. चार म्हटले की पाचवा आठवत नाही. मे १९३०मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर रस्त्यावर आलेल्या गर्दीत गिरणी कामगार मोठ्या संख्येने होते. पोलिसांच्या गोळीबारात माणसे पडली. त्यांतल्या शंकर शिवदारे यांचे नाव तरी काहींना ठाऊक आहे, इतरांचे तेही नाही. मंगळवार पेठेतली चौकी जाळली गेली, पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारत पेटली. १२ मेला मार्शल लॉ लागला, तो जूनअखेरपर्यंत राहिला. विणकरांच्या तेलुगू घरांतले एकही नाव त्या चौघांत नाही; म्हणून ती घरे त्या दिवसांत दारे लावून बसली होती असे थोडेच आहे!

कला चेहरा देते, तशी ती चेहरा बदलतेही. याच शहरात जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे १९४२मध्ये चीनमध्ये निधन झाले. १९४६च्या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी त्यांची भूमिका केली, आणि आमच्या आधीच्या पिढीला कोटणीस म्हटले की शांतारामच डोळ्यांपुढे येत. १९३०च्या त्या कामगारांच्या वाट्याला उसना चेहराही आला नाही.

मग दप्तराकडे वळावे लागते. ते राज्यकर्त्यांनी लिहिलेले, त्यामुळे त्यात 'जमाव', 'दंगा', 'आरोपी' हेच शब्द. तरी त्याचा एक गुण मान्य करायला हवा: शिक्षा द्यायची तर नाव लिहावेच लागते. मार्शल लॉखालच्या शिक्षांचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, तो 'चन्नप्पा शांतीरप्पा विरुद्ध सम्राट' या नावाने. मार्शल लॉचा कायदा अभ्यासणाऱ्याला हे नाव भेटते. चार पुतळ्यापाशी उभे राहून विचारा, कोण चन्नप्पा? उत्तर मिळणार नाही.

आता तिसरे साधन, हातातला फोन. जानेवारीत आणि मे महिन्यात मला तोच मजकूर दहा ठिकाणांहून येतो: ९, १०, ११ मे १९३० हे तीन दिवस सोलापूर स्वतंत्र होते. हे अगदीच खोटे नाही. पोलीस शहरातून काढून घेतले होते आणि रस्त्यावरची व्यवस्था काँग्रेसचे स्वयंसेवक पाहत होते. अडचण वेगळी आहे. मजकूर चार ओळींत बसवताना मारले गेलेले पोलीस गळतात. चौघांवरचा आरोप त्याच हत्येचा होता. ती गाळली, की फाशी कशासाठी झाली हे कळत नाही, आणि ते निर्दोष होते ही शहराची ठाम धारणाही अधांतरी राहते. निर्दोष, पण कशाबाबत? नको असलेला भाग पुसून हुतात्म्यांचा मान वाढतो असे ज्यांना वाटते, ते त्यांच्या बाजूचा मुख्य मुद्दाच घालवतात.

फोन मात्र याहून चांगले काम करू शकतो. मुंबईचे पुराभिलेखागार दूर आहे, पण गिरणीत राबलेल्या आजोबांची हजेरीची चिठ्ठी, ओळखपत्र, युनियनची पावती, मेळाव्यातला फोटो ही कागदपत्रे पूर्व भागातल्या पत्र्याच्या पेट्यांत आजही निघतात. ती टिपताना कोणाच्या घरची, कोणत्या साली काढलेली, फोटोत डावीकडून कोण, हे त्याच वेळी लिहून घ्यावे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून, ती तेलुगूत सांगत असेल तर तेलुगूतच. आणि फोटोची मागची बाजूही टिपावी. पेन्सिलीने लिहिलेले नाव बहुधा तिकडेच असते.