प्लाझा ईस्टची मुलगी आणि टेंडरलॉइनचे रस्ते

सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनापासून काही चौक चालत गेलं की टेंडरलॉइन लागतं. जुन्या हॉटेलांच्या एकेका खोलीत राहणारी माणसं, व्हिएतनामी खानावळी, शाळेला निघालेली मुलं, आणि त्याच फुटपाथवर कमरेत वाकून गोठल्यासारखी उभी राहिलेली फेंटानिल या अमली पदार्थाच्या नशेतली माणसं. मार्केट स्ट्रीटवरच्या बड्या कंपन्यांच्या इमारती इथून हाकेच्या अंतरावर आहेत. त्या भागात नोकरीला असलेल्या मराठी मुलामुलींनी हे दृश्य पाहिलेलं असतंच.

2018 ते 2025 या काळात या शहराच्या महापौर होत्या लंडन ब्रीड. आपल्याकडे महापौरांना मान असतो, कारभार आयुक्तांकडे असतो. तिथं अंदाजपत्रक, आरोग्य खातं, पोलीसप्रमुखाची नेमणूक या सगळ्याच्या दोऱ्या महापौरांच्या हाती येतात. त्यामुळे त्या खुर्चीवरचं माणूस कोणत्या घरात वाढलं, याला फार महत्त्व येतं.

ब्रीड यांचा जन्म 1974 चा. वेस्टर्न ॲडिशन भागातल्या प्लाझा ईस्ट या सरकारी वसाहतीत आजीने त्यांना वाढवलं. याच भागातलं फिलमोर एकेकाळी कृष्णवर्णीयांच्या दुकानांनी आणि जॅझ क्लबांनी गजबजलेलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर पुनर्विकासाच्या नावाखाली ते पाडलं गेलं, हजारो कुटुंबं उठवली गेली. आठवड्यातून एकदा आजीची ढकलगाडी घेऊन सरकारी शिधा आणायचा, मेयोनेजच्या रिकाम्या बरण्यांतून पाणी प्यायचं, अशा बालपणीच्या आठवणी ब्रीड यांनी प्रचारात सांगितल्या आहेत. त्या शाळेत असताना क्रॅक कोकेन आलं. 1986 च्या कायद्याने पावडर कोकेनच्या पाचशे ग्रॅमला जी किमान शिक्षा ठेवली, तीच क्रॅकच्या अवघ्या पाच ग्रॅमला. क्रॅकच्या खटल्यांत पकडले जात ते मुख्यतः गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांतले लोक. ब्रीड यांचा भाऊ दीर्घ मुदतीच्या शिक्षेवर तुरुंगात गेला. धाकटी बहीण 2006 साली अमली पदार्थांच्या अतिसेवनाने दगावली.

अशा घरातून आलेलं माणूस मवाळ होईल की कठोर? ब्रीड दोन्ही झाल्या, आणि दोन्ही वेळा घरच्या अनुभवाचाच दाखला देत. 2018 मध्ये देखरेखीखाली नशा करता येईल अशी केंद्रं उघडावीत, म्हणजे निदान माणूस एकटा मरणार नाही, या मागणीमागे त्या ठामपणे उभ्या होत्या. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तशी विधेयकं 2018 आणि 2022 मध्ये नाकारली. डिसेंबर 2021 मध्ये मात्र ब्रीड यांचा सूर पालटला. रस्त्यावरच्या उघड विक्रीबद्दल त्या संतापून बोलल्या आणि टेंडरलॉइनमध्ये आणीबाणी जाहीर केली. दया दाखवून माणसं मरताहेत, असंही त्यांनी 2023 मध्ये सांगून टाकलं. मार्च 2024 मध्ये मतदारांनी त्यांचा एक प्रस्ताव मंजूर केला: सरकारी रोख मदत घेणाऱ्या एकट्या प्रौढांपैकी ज्यांच्यावर व्यसनाचा संशय असेल, त्यांनी तपासणी आणि उपचारांना तयार व्हायचं, नाहीतर मदत थांबेल.

या कठोरपणाला ढोंग म्हणणं अन्यायाचं होईल. वस्तीत वाढलेल्या माणसाला गुत्त्याच्या शेजारी राहणाऱ्या आजीची भीती ठाऊक असते. बाहेरून येणारे कार्यकर्ते बहुधा व्यसनी माणूसच पाहतात. त्याच जिन्यावरून शाळेत जाणारं पोर त्यांच्या नजरेतून सुटतं. ब्रीड यांच्या नजरेतून ते सुटलं नाही, आणि हे त्यांच्या बालपणाचं देणं आहे.

पण त्यांच्या बालपणीचं क्रॅक वेगळं होतं आणि आजचं फेंटानिल वेगळं. क्रॅकने घरं मोडली, तुरुंग भरले. तरी एका झुरक्यात श्वास थांबण्याचा धोका एवढा नव्हता. फेंटानिल प्रयोगशाळेत बनतं, हेरॉईनच्या सुमारे पन्नासपट तीव्र असतं, आणि दोन मिलिग्रॅम इतकी मात्राही जीव घेऊ शकते. श्वास मंदावतो, थांबतो, आणि वेळीच नालोक्सोनचा फवारा नाकात मारला नाही तर काही मिनिटांत खेळ संपतो. इथं दरडावून सुधारायला माणूस आधी जिवंत राहावा लागतो. शिवाय अफूवर्गीय व्यसनाला ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन ही सिद्ध औषधं आहेत. क्रॅकला तशी नव्हती आणि नाहीत.

म्हणूनच टेंडरलॉइन सेंटर बंद करण्याचा निर्णय मला खुपतो. जानेवारी 2022 मध्ये सुरू झालेल्या या केंद्राच्या आवारात लोक नशा करत आणि कर्मचारी नालोक्सोन घेऊन हजर असत. तिथं तीनशेहून अधिक जणांना अतिसेवनातून वाचवलं गेलं, मृत्यू एकही झाला नाही. डिसेंबरमध्ये ते बंद केलं. 2023 मध्ये शहरात आठशेहून अधिक माणसं अतिसेवनाने गेली, हा तोवरचा उच्चांक. सगळा दोष त्या एका बंद दारावर टाकता येत नाही. पण पर्यायी जागा तयार नसताना ते दार लावणं ही चूकच होती. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय जेमतेम पाच टक्के, मृतांमध्ये मात्र चौथ्या हिश्शाहून जास्त. म्हणजे मरत होती ती बरीचशी ब्रीड यांच्याच समाजातली माणसं.

याच्या नेमकं उलट उदाहरण उत्तरेला, कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये आहे. तिथले 1993 ते 2002 या काळातले महापौर फिलिप ओवेन सुखवस्तू, प्रतिष्ठित घरातले. वडील ब्रिटिश कोलंबियाचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. पक्षही पुराणमतवादी. पण ओवेन व्यसनी लोकांशी स्वतः जाऊन बोलले, आणि 2001 मध्ये प्रतिबंध, उपचार, कायदा आणि हानी कमी करणं या चार खांबांचं धोरण महानगरपालिकेकडून संमत करून घेतलं. त्यापायी त्यांना पक्षाची उमेदवारी गमवावी लागली. त्यांच्यानंतर आलेले लॅरी कॅम्पबेल पूर्वी पोलीस खात्याच्या अमली पदार्थ पथकात आणि पुढे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी. त्यांच्या कारकिर्दीत, सप्टेंबर 2003 मध्ये, इनसाइट हे उत्तर अमेरिकेतलं पहिलं कायदेशीर देखरेख केंद्र उघडलं. बालपणी न पाहिलेलं दुःख माणसाला पुढे शिकता येतं, याचा ओवेन हा पुरावा आहे.

ब्रीड नोव्हेंबर 2024 ची निवडणूक हरल्या. जिंकले डॅनियल लुरी, लिव्हाय स्ट्रॉस जीन्सच्या कुटुंबाचे वारस. शिधा आणायला ढकलगाडी ढकलणारी मुलगी आणि हा श्रीमंत घरातला मुलगा, बालपणं दोन टोकांची. तरी लुरी यांनीही आल्याआल्या फेंटानिल आणीबाणीचा ठराव मंजूर करून घेतला, आणि एप्रिल 2025 मध्ये समुपदेशनाशिवाय फॉइल, पाईप वाटणं थांबवलं.

दरम्यान 2024 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतले मृत्यू सहाशेंच्या घरात उतरले. त्या वर्षी साऱ्या अमेरिकेतच अतिसेवनाचे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. म्हणून त्या उताराचं श्रेय ब्रीड यांच्या कठोरपणाला देणं घाईचं ठरेल.