हरणाऱ्या संघाचे तिकीट

चेन्नईतील वेस्ट मांबलम म्हणजे क्रिकेटचे माहेरघर. रविचंद्रन अश्विन याच वस्तीतल्या गल्लीत टेनिसच्या चेंडूने खेळत मोठा झाला. अशा ठिकाणी एखादा तरुण निळा टी-शर्ट घालून फुटबॉलच्या सामन्याला निघाला, की घरात प्रश्न ठरलेलाच, ‘‘आज तरी जिंकणार आहेत का?’’

2019 च्या नोव्हेंबरात या प्रश्नाला उत्तर देणे फार अवघड होते.

सिंहासनावरून तळाला

चेन्नईयिन एफ.सी. हा संघ 2014 साली स्थापन झाला. महेंद्रसिंग धोनी आणि अभिषेक बच्चन त्याचे सहमालक. 2015 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये संघाने इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळवले. पण पुढच्याच हंगामात हे विजेते 18 पैकी केवळ 2 सामने जिंकून 9 गुणांसह तळाला गेले. 2019-20 ची सुरुवात त्याहून वाईट! पहिल्या चार सामन्यांत एकही गोल नाही. सहा सामन्यांनंतर दुसरे विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक जॉन ग्रेगरी पायउतार झाले.

यशाच्या दिवसांत सोबत येणारे मित्र अशा वेळी एकेक करून गळतात. पण खरा चाहता मांबलमहून लोकल पकडतो, पार्क स्टेशनवर उतरतो आणि रिपन बिल्डिंगच्या मागच्या नेहरू स्टेडियमपर्यंत चालत जातो. तिकीट तेवढ्याच पैशांचे असते, रिकाम्या खुर्च्या मात्र वाढलेल्या असतात.

नवा कारभारी, जुनीच माणसे

डिसेंबरात ओवेन कॉयल आले. इंग्लंडमधील बर्नली संघाला त्यांनी 2009 मध्ये प्रीमियर लीगमध्ये नेले होते. पण चेन्नईत जादूची कांडी फिरली नाही. त्यांच्या पहिल्या चार सामन्यांत एक विजय, एक बरोबरी आणि दोन पराभव. दहा सामन्यांनंतर गुण किती? अवघे 9!

कॉयल यांनी संघ मोडून नवा उभारला नाही. बहुतेक खेळाडू तेच राहिले, बदलली ती खेळण्याची तऱ्हा. बचाव करत बसण्यापेक्षा पुढे धावा, चुकलात तरी पुन्हा धावा. लिथुआनियाचा वाल्स्किस, ब्राझीलचा क्रिवेलारो, मिझोरमचा छांगटे आणि तमिळनाडूचाच एडविन वन्सपॉल मोकळेपणाने खेळू लागले. 10 जानेवारी 2020 पासून साखळीतल्या उरलेल्या आठ सामन्यांत संघ एकदाही हरला नाही. कोचीत केरळ ब्लास्टर्सवर 6-3 अशी मात केली. मुंबईत अंधेरीच्या मैदानावर कर्णधार गोयान याने आपल्याच जुन्या मुंबई सिटी संघाविरुद्ध एकमेव गोल केला आणि उपांत्य फेरीचे दार उघडले.

उपांत्य फेरीत गोव्याच्या संघाला दोन सामन्यांत मिळून 6-5 असे हरवून चेन्नईयिन अंतिम फेरीत पोहोचला.

दाराशी आलेला आनंद

अंतिम सामना 14 मार्च 2020 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर होता. पण कोरोनाची साथ आली आणि प्रेक्षकांना प्रवेशच नाकारला गेला. पडत्या काळात साथ देणाऱ्याला सोन्याच्या दिवशी घरी टी.व्ही.समोर बसावे लागले! ए.टी.के.ने 3-1 असा विजय मिळवला. वाल्स्किसला 15 गोलांसाठी गोल्डन बूट मिळाला, चषक मात्र कोलकात्याला गेला.

मग त्या चाहत्याच्या पदरी काय पडले? हिशेबाने पाहिले तर काहीच नाही. तरीही त्या तीन महिन्यांनी त्याला एक गोष्ट दिली. तळाला गेलेली माणसेच उठून वर येऊ शकतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

पुढेही चढउतार चुकले नाहीत. कॉयल गेले, 2023 मध्ये परतले. त्या हंगामात संघ चार वर्षांनी बाद फेरीत पोहोचला आणि 2024-25 मध्ये पुन्हा अकराव्या स्थानावर घसरला. 2025 मध्ये सूत्रे गोव्याचे क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे आली. पुन्हा नवा कारभारी, पुन्हा नवी आशा.

संसारातही अशी वर्षे येतातच. दुकान बसते, मुलगा नापास होतो, आजारपण लांबते. अशा वेळी फार काही करता येत नसले, तरी जवळ बसून राहता येते. हरणाऱ्या संघाचे तिकीट काढणारा तेच तर करत असतो.