नाणं आलं कुठून?

टपालाच्या पाकिटातून नखाएवढं तपकिरी नाणं बाहेर पडलं, तेव्हा आमच्या ओसरीवर चार माणसं जमली होती. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमनगरीची देवता, दुसऱ्या बाजूला दोन बाळांना पाजणारी लांडगी. इसवी सन ३३० नंतरचं, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं. किंमत नऊशे रुपये.

"सतराशे वर्षांपूर्वीचं नाणं नऊशेला? फसलात, मास्तर!" शेजारचे काका म्हणाले.

काकांचा संशय रास्त होता. पहिल्या खेपेला मी खरोखरच फसलो होतो. मोबाइलवर चित्र पाहून सम्राट टायबेरियसचं चांदीचं नाणं मागवलं. आलं त्याच्या कडेला बारीक शिवण होती आणि अंगावर बुडबुड्यांची छिद्रं. रोमची ती नाणी दोन ठशांमध्ये ठोकून पाडलेली असत. माझं साच्यात ओतलेलं होतं. विक्रेत्याने पुढे फोनच उचलला नाही.

आता मी वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रं मागतो. देशातल्याच विक्रेत्याकडून, पक्क्या पावतीवर घेतो. लांडगीचं नाणं स्वस्त पडतं याचं कारण सोपं आहे. चौथ्या शतकात रोमच्या टाकसाळींनी अशी तांब्याची नाणी बेसुमार पाडली आणि आजही ती ढिगाने सापडतात. जुनं म्हणजे दुर्मीळ, हा आपला गैरसमज. पुढचा धडा सौभाग्यवतींनी दिला. एक नाणं त्यांनी प्रेमाने चिंच-मीठ लावून लख्ख केलं! शतकांनी चढवलेला हिरवट थर गेला, त्याबरोबर अक्षरंही गेली.

"पण आपल्या जांबेत बसून रोमचं काय कौतुक?" असं लोक विचारतात. अहो, पैठण इथून किती लांब? पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, यांची नावं आहेत. इथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई. हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनीने लिहून ठेवली आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत तर समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्तीच सापडली. माझी लांडगी या भरभराटीनंतरची. पण ती हातात घेतली की मन त्या वाटेला लागतंच.

खरी परीक्षा गेल्या उन्हाळ्यात झाली. गोदाकाठच्या शेतात नांगरताना मिळालेलं एक नाणं घेऊन एक तरुण आला. शिशाचं, वर सोंड उचललेला हत्ती. सातवाहनांचं असावं. "मास्तर, पाचशे द्या आणि ठेवून घ्या." माझा हात खिशाकडे गेला, हे कबूल करतो. कितीतरी वर्षं मी अशा नाण्याची वाट पाहत होतो.

तेवढ्यात देवळातली घंटा ऐकू आली आणि ऑगस्ट २०२२ ची ती सकाळ आठवली. समर्थांच्या या जन्मगावातल्या राममंदिरातून पंचधातूच्या पुरातन मूर्ती चोरीला गेल्या होत्या. बायाबापड्या रडत होत्या. पुढे पोलिसांनी मूर्तींचा छडा लावला, पण ते दिवस गाव विसरलेलं नाही. त्या मूर्ती कोणीतरी विकत घेणार होतं, म्हणूनच कोणीतरी चोरल्या होत्या. 'हे आलं कुठून?' असं न विचारणारं गिऱ्हाईक चोराला पोसतं.

त्या पोराची चोरी नव्हती. पण जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला हवा, हे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. शिवाय नाणं कोणत्या शेतात, किती खोल, कशासोबत मिळालं, यातच त्याचा अर्धा इतिहास असतो. माझ्या डबीत आलं असतं, तर तो इतिहास माझ्याबरोबरच संपला असता.

"चल, जालन्याला जाऊ," मी म्हटलं. तो नाखुशीनेच निघाला. अर्ज मी लिहिला, जागेचा नकाशा त्याने काढला. परतताना एसटीत तो म्हणाला, "मास्तर, म्हंजे आपल्या रानात राजाची माणसं फिरत व्हती तर!"

माझ्या डबीतला हत्तीसाठी राखलेला कप्पा अजून रिकामाच आहे. पाहुण्यांना नाणी दाखवताना मी तोही दाखवतो.