परसातल्या चंद्राची चार दशकं

1986 मध्ये आलेल्या हॅलेच्या धूमकेतूने महाराष्ट्रात हौशी आकाशनिरीक्षणाला जोर आणला. मुंबईचं खगोल मंडळ त्याच काळातलं. वांगणीतले त्यांचे रात्रभराचे कार्यक्रम पुढे ठाणे जिल्ह्यात अनेकांच्या परिचयाचे झाले. शहापूर-मुरबाडचं आकाश तेव्हा गडद काळं. सगळी ओढ तेजोमेघांची आणि तारकागुच्छांची. चंद्र वर आला की अडचणच व्हायची.

त्याचा फोटो काढायचा तर रोलचा कॅमेरा. रोल धुऊन येईपर्यंत काय मिळालं ते कळत नसे, आणि हवेच्या एका थरथरीत 93 किलोमीटर रुंदीच्या कोपर्निकस विवराचे कंगोरे पुसले जात.

खरा पालट 2000 नंतर वेबकॅमने केला. व्हिडिओ घ्यायचा, हवा क्षणभर स्थिरावली तेवढ्याच फ्रेम निवडायच्या आणि संगणकावर एकावर एक रचायच्या. पुण्याच्या प्रथमेश जाजूने मे 2021 मध्ये, सोळाव्या वर्षी, पन्नास हजारांहून जास्त फ्रेममधून चंद्राचं चित्र घडवलं ते याच पद्धतीने. हौशी माणूस कुठवर पोहोचू शकतो, याचा तो आपल्याकडचा सर्वांत ठळक पुरावा आहे.

आता कल्याण-भिवंडीच्या उजेडाने शहापूर-मुरबाडचं पश्चिम क्षितिज फिकट झालंय. धूसर तारे गेले, याचं दुःख आहेच. चंद्राला मात्र त्या उजेडाची बाधा नाही. त्याला हवी स्थिर हवा, आणि तिथे गावाकडचं परस शहरातल्या गच्चीपेक्षा सरस. स्लॅब आणि पत्रे दिवसभर तापून रात्री उष्णता सोडतात, दुर्बिणीतली प्रतिमा उकळत राहते. मातीचं अंगण लवकर निवतं. पावसाळ्याचे चार महिने सोडून द्यायचे. फाल्गुन-चैत्रातली शुक्ल अष्टमी सर्वांत उत्तम, कारण तेव्हा चंद्र सूर्यास्तालाच जवळजवळ डोक्यावर असतो.

विक्रम साराभाईंच्या नावाचं जेमतेम 8 किलोमीटरचं विवर षष्ठी-सप्तमीला शोधावं. नवमीच्या सुमारास ‘स्ट्रेट वॉल’ या चंद्रावरच्या उतरंडीची सुमारे 110 किलोमीटर लांबीची काळी रेघ उमटते. माळशेजच्या कड्यासारखी ती उभी भासते, पण तिचा उतार प्रत्यक्षात सौम्य आहे. लांबलेली सावली तिला उंची देते.

ज्यांच्याकडे दुर्बीण आहे त्यांनी येत्या फाल्गुनात ती जवळच्या आश्रमशाळेच्या मैदानात न्यावी. आयपीसला मोबाइल लावून द्यावा, आणि फोटो मुलांनाच काढू द्यावेत.